मुलाचा कागद कोणाच्या हातीं?

इसवी सन १८०४ मध्यें लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. फ्रान्समधून परागंदा होऊन इंग्लंडांत राहिलेला डी मॅनव्हिल नांवाचा एक गृहस्थ आणि त्याची इंग्रज पत्नी यांचें पटेनासें झालें, व पत्नी आठ महिन्यांचें मूल घेऊन वेगळी राहूं लागली. एके दिवशीं नवरा त्या घरांत शिरला, अंगावर पीत असलेलें मूल त्यानें आईपासून ओढून घेतलें, आणि वाईट हवेंत उघड्या गाडींतून तें घेऊन गेला. आईनें न्यायालयाकडे दाद मागितली. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनीं सांगितलें कीं, मुलाच्या ताब्याचा अधिकार कायद्यानें पित्याचा आहे; त्या अधिकाराचा दुरुपयोग झाल्याचें दाखविलें गेलें नाहीं, तेव्हां मूल आईकडे परत देण्यास आधार नाहीं. त्या माउलीनें मग चॅन्सरी न्यायालयाचें दार ठोठावलें. लॉर्ड एल्डन यांनींही मूल तिला दिलें नाहीं. परंतु बाप परकी होता. त्यानें मुलाला राज्याबाहेर नेऊं नये, एवढी मनाई मात्र त्यांनीं केली.

या साऱ्या प्रकरणांत मुलाच्या एखाद्या कागदावरून तंटा नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. सरकारी जन्मदाखला नव्हता, मुलाचा पासपोर्ट नव्हता, शाळेचा दाखला तर दूरच राहिला. ज्याच्या हातीं मूल त्याच्या हातीं सर्व कांहीं. विभक्त झालेल्या आईबापांमध्यें आज पुष्कळदां मुलाच्या पासपोर्टावरून, जन्माच्या दाखल्यावरून किंवा शाळेच्या कागदावरून जो तंटा माजतो, तो मुळांत मुलाच्या देहावरून होत असे. देहाची जागा कागदानें कशी घेतली, आणि त्या कागदावर आईची सही कशी उमटूं लागली, याचा इतिहास दोनशें वर्षांचा आहे. तो सरळ रेषेनें मात्र गेलेला नाहीं.

त्या इतिहासांतलें एक नांव विसरतां येण्यासारखें नाहीं. कॅरोलिन नॉर्टन ही लेखिका म्हणून नांवाजलेली विदुषी. तिचा पति जॉर्ज नॉर्टन हा पार्लमेंटचा माजी सभासद. १८३६ मध्यें त्यानें तत्कालीन मुख्य प्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर आपल्या पत्नीशीं अनुचित संबंध ठेवल्याची फिर्याद केली. ती टिकली नाहीं. पत्नी निर्दोष ठरली. पण तिघे मुलगे बापानें आपल्याकडेच ठेवले आणि आईला त्यांची भेटही दुर्मिळ केली. कॅरोलिनबाईंनीं लेखणी हातीं घेतली, पत्रकें लिहिलीं, सभासदांना विनविलें. आणि टॉलफर्ड या कायदेपंडिताच्या खटपटीनें १८३९ मध्यें बालकांच्या ताब्याचा कायदा मंजूर झाला. सात वर्षांखालील मुलाचा ताबा व त्याहून मोठ्या मुलांची भेट न्यायालयाकडे मागण्याची सोय आईला प्रथमच मिळाली.

परंतु दैव असें कीं, जिच्या परिश्रमानें कायदा झाला तिलाच तो उपयोगी पडला नाहीं. बापानें मुलें स्कॉटलंडांत नेऊन ठेवलीं होतीं, आणि हा कायदा स्कॉटलंडास लागू नव्हता. हक्क कागदावर आला, पण मुलें कागदाच्या हद्दीबाहेर राहिलीं. १८४२ मध्यें धाकटा मुलगा घोड्यावरून पडला, जखम चिघळली, आणि आई पोंचण्यापूर्वींच त्यानें डोळे मिटले. त्यानंतर उरलेल्या दोघांच्या भेटीस बापानें पूर्वींइतकी आडकाठी केली नाहीं. इंग्रजी कायदा पुढें मुंगीच्या पावलांनीं सरकत गेला. १८७३ मध्यें सात वर्षांची मर्यादा सोळांवर गेली. १९२५ मध्यें मुलाचें हित हेंच न्यायालयानें सर्वांत आधीं पाहावें असें ठरलें. आणि आईला बापाच्या बरोबरीचा पालकत्वाचा अधिकार मिळावयास १९७३ साल उजाडावें लागलें. जगाला सुधारणेचे पाठ देणाऱ्या देशाला या एका पायरीसाठीं एकशें चौतीस वर्षें लागलीं, हें आपल्याकडील मंद गतीबद्दल बोलतांना आठवणींत असूं द्यावें.

याच काळांत दुसरीकडे सरकारी दप्तर वाढत होतें. इंग्लंडांत जन्माची मुलकी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. फ्रान्समध्यें ती क्रांतीच्या काळापासूनच होती, आणि पॅरिस शहरांत तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत ठेवण्याची दक्षता घेतलेली होती. एक प्रत नगरभवनांत, दुसरी न्यायमंदिरांत. मे १८७१ मध्यें पॅरिस कम्यूनच्या रणधुमाळींत या दोन्ही इमारतींना आगी लागल्या, आणि लक्षावधि लोकांच्या जन्म-विवाह-मृत्यूची नोंद राख झाली. सरकारला यावरून शहाणपण आलें तें असें कीं, तिसरी प्रत कुटुंबाच्याच घरीं असावी. १८७७ मध्यें कुटुंब-पुस्तिकेची प्रथा सुरू झाली. विवाहाच्या वेळीं दांपत्याला एक छोटी पुस्तिका मिळावयाची. तींत विवाहाचा उतारा, आणि पुढें मूल होईल तसतशी त्याची नोंद व्हावयाची.

कल्पना उत्तमच होती. मात्र घर कायम एकच राहील, या समजुतीवर ती उभारलेली होती. घराचीं दोन घरें झालीं म्हणजे पुस्तिका कोणाची? एकाच्या कपाटांत ती बंद झाली कीं दुसऱ्याची प्रत्येक कामांत अडवणूक ठरलेली. फ्रेंच कायद्यानें ४ जून १९७० रोजीं जुनी 'पितृसत्ता' रद्द करून तिच्या जागीं आईबाप दोघांचा मिळून अधिकार आणला. चारच वर्षांनीं, १९७४ मध्यें, पुस्तिकेविषयीं नवा हुकूम निघाला, आणि त्यांत विभक्त झालेल्या जोडप्यापैकीं ज्याच्याजवळ पुस्तिका नसेल त्याला दुसरी प्रत मिळण्याची तरतूद झाली. गोष्ट लहान आहे. तत्त्वचर्चा करणारे ग्रंथ तिची दखलही घेत नाहींत. परंतु पालकत्वाचा अर्धा वाटा कायद्याच्या पुस्तकांत मिळणें निराळें, आणि कचेरीच्या खिडकीशीं उभें असतांना तो हातांत असणें निराळें. दुसरी प्रत देणाऱ्या त्या फ्रेंच कारकुनी बुद्धीला हें अंतर नेमकें कळलें होतें.

जन्मनोंदीची अशी दुसरी प्रत काढतां येते. पासपोर्टाची येत नाहीं, आणि म्हणूनच सर्वांत कडू भांडण त्यावरून होतें.

पहिल्या महायुद्धापूर्वीं युरोपांत बहुतेक ठिकाणीं पासपोर्टावांचून प्रवास होत असे. युद्धानें तो सक्तीचा केला, आणि युद्ध संपल्यावरही सक्ति गेली नाहीं. १९२० मध्यें राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें परिषद भरली व तिनें सर्व देशांसाठीं बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा एक नमुना ठरवून दिला. त्या नमुन्यांत धारकाच्या छायाचित्राशेजारीं पत्नीच्या छायाचित्राची चौकट होती, आणि मुलांच्या नांवांसाठीं जागा होती. ब्रिटिश अमदानींतील हिंदुस्थानचे जुने पासपोर्ट ज्यांच्या घरीं जपून ठेविले असतील त्यांना हें पान पाहतां येईल. नवऱ्याच्या पुस्तिकेंत बायको व मुलें हीं सामानाच्या यादीप्रमाणें लिहिलेलीं असत. कुटुंब एकत्र आहे तोंवर यांत सोय होती. तें दुभंगलें म्हणजे मुलाचें प्रवासाचें अस्तित्व दुसऱ्याच्या खिशांत राहिलें. ज्याच्या पुस्तिकेंत नांव तो मुलाला घेऊन जाऊं शके. दुसऱ्याला तें नांव तेथून उतरवून घेण्यासाठीं त्याच्याच पायाशीं जावें लागे.

यावर उपाय निघाला तो मुलाला स्वतःची पुस्तिका देण्याचा. ब्रिटननें ऑक्टोबर १९९८ पासून आईबापांच्या पासपोर्टांत मुलांचीं नांवें घालणें बंद केलें. युरोपीय संघांत जून २०१२ पासून प्रत्येक मुलाला स्वतंत्र पासपोर्ट आवश्यक झाला. नुसता जन्मलेला जीव, डोळेही धड उघडत नाहींत, आणि त्याचें छायाचित्र काढावयाचें, हा प्रकार विनोदी वाटेल खरा. पण कागद पहिल्यानेंच मुलाच्या मालकीचा झाला. अडचण एवढीच उरली कीं, मालकाला सही करतां येत नव्हती. ती कोणी करावयाची?

अमेरिकेनें या प्रश्नाचें उत्तर कडक दिलें. २००१ पासून चौदा वर्षांखालील, आणि २००८ पासून सोळा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टासाठीं आईबाप दोघांचीही संमति तेथें लागते. एकजण हजर राहूं शकत नसेल, तर त्यानें अधिकृत साक्षीदारासमोर सही करून संमतिपत्र पाठवावें. एकाच्याच हातीं मुलाचा ताबा असल्याचा न्यायालयाचा हुकूम असेल, तर ही अट सुटते. डी मॅनव्हिलच्या मुलासाठीं लॉर्ड एल्डन यांनीं जी मनाई एकट्यापुरती केली होती, तीच येथें दोनशें वर्षांनीं प्रत्येक मुलासाठीं आधींच करून ठेवलेली आहे. न्यू जर्सींत किंवा कॅलिफोर्नियांत संसार थाटून पुढें विभक्त झालेल्या मराठी जोडप्यांनाही हाच नियम. मुलाला आजीआजोबांच्या भेटीस पुण्याला किंवा सांगलीला आणावयाचें, आणि नवा पासपोर्ट काढावयाचा, तर ज्याच्याशीं बोलणेंही बंद झालें आहे त्याच्याकडे सही मागावी लागते. दुसऱ्या बाजूनें पाहावें तर तीच सही एखाद्या बापाला, किंवा आईला, आपलें मूल एका रात्रींत सातासमुद्रांपार नाहीसें होणार नाहीं असा धीर देते. नियम जाचक आहे, आणि तो हवाही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

आतां आपल्याकडे वळावें. इंग्रजी अमदानींत १८९० चा पालक व पाल्य यांविषयींचा कायदा झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमानें असें ठरविलें कीं, बाप हयात आहे व न्यायालयाच्या मतें तो नालायक नाहीं, तोंवर अज्ञान मुलाला दुसरा पालक नेमतां येणार नाहीं. आईचा त्यांत उल्लेखच नव्हता. 'बाप' या शब्दापुढें 'किंवा आई' हे दोन शब्द २०१० मध्यें घातले गेले. म्हणजे बरोबर एकशें वीस वर्षांनीं. मध्यंतरीं घटस्फोटाची वाट उघडली होती. बडोदें संस्थानांत १९३१ मध्यें, मुंबई इलाख्यांत १९४७ मध्यें, आणि सर्व देशांतील हिंदूंसाठीं १९५५ मध्यें तसे कायदे झाले. परंतु नवराबायको वेगळीं होऊं शकतात हें मान्य करणाऱ्या त्याच पिढीनें १९५६ च्या हिंदु अज्ञान व पालकत्व कायद्यांत लिहिलें कीं, मुलाचा नैसर्गिक पालक पिता, आणि त्याच्या नंतर माता. पांच वर्षांपर्यंतचें मूल सामान्यतः आईजवळ असावें, असेंही त्यांतच म्हटलें. अर्थात् सांभाळावें आईनें आणि सही करावी बापानें, अशी ही वाटणी झाली.

ती वाटणी व्यवहारांत कशी फसते, याचें उत्तम उदाहरण विदर्भांतील आहे. एका अज्ञान मुलीच्या नांवें शेतजमीन होती. आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. मुलगी आईजवळ, जमिनीचा कारभारही आईच पाही, आणि ती जमीन तिनेंच कुळाला लावून दिली होती. पुढें वाद निघाला कीं, बाप जिवंत असतां आईनें केलेला करार कायदेशीर कसा? प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९७० मध्यें न्यायालयानें म्हटलें कीं, जो बाप मुलीच्या कोणत्याच गोष्टींत लक्ष घालीत नाहीं तो तिच्यापुरता नसल्यासारखाच आहे. तेव्हां येथें आई हीच नैसर्गिक पालक समजावी. निकाल न्यायाचा होता. मात्र तो त्या एका प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीपुरता दिलेला होता, आणि कचेऱ्यांतील छापील नमुने होते तसेच राहिले.

त्या नमुन्यांशीं खरी गांठ पडली ती १९८४ च्या डिसेंबरांत. सुप्रसिद्ध लेखिका गीता हरिहरन यांनीं आपल्या अज्ञान मुलाच्या नांवें वीस हजार रुपयांचे नऊ टक्के व्याजाचे रोखे घेण्यासाठीं रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून सही आईची. पति-पत्नींत याविषयीं कांहीं वाद नव्हता. दोघांचें ठरलेलें होतें. बँकेनें अर्ज परत पाठविला: बापाची सही आणा, नाहीं तर आई पालक असल्याचा अधिकृत दाखला आणा. वीस हजारांच्या रोख्यांचा प्रश्न घटनेच्या समतेच्या कलमापर्यंत जाऊन भिडला. याच्याच जोडीला दुसऱ्या एका मातेचा अर्ज सुनावणीस आला. तेथें घटस्फोटाचा दावा चालू होता, आणि आपणच एकमेव नैसर्गिक पालक असें बापाचें म्हणणें होतें. सलोख्याचें घर आणि दुभंगलेलें घर, दोन्हीं एकाच शब्दाला अडलीं होतीं. तो शब्द म्हणजे 'नंतर'.

पित्याच्या नंतर म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर, असा अर्थ आजवर केला जात होता. १७ फेब्रुवारी १९९९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, 'नंतर' याचा अर्थ 'अनुपस्थितींत' असा घ्यावा. आणि अनुपस्थिति म्हणजे केवळ मरण नव्हे. बाप मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करीत असेल, परगांवीं असेल, आजारानें असमर्थ असेल, किंवा उभयतांनींच तसें ठरविलें असेल, तर तो अनुपस्थितच होय, आणि आईची सही पुरेशी आहे. कायद्यांतला शब्द न बदलतां त्याचा अर्थ बदलला. या हिकमतीचें कौतुक करावें तेवढें थोडें. तरीही एक शंका उरतेच. खिडकीमागचा कारकून निकालपत्र वाचीत नाहीं, छापील नमुना वाचतो. विधि आयोगानें २०१५ च्या अहवालांत आईबाप दोघांनाही एकाच वेळीं व सारखेच नैसर्गिक पालक मानावें अशी शिफारस केली. १९५६ च्या कायद्यांत 'नंतर' हा शब्द अद्याप आहे.

नमुने बदलले ते थोडे उशिरा, पण बदलले. जुलै २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका अविवाहित मातेच्या प्रकरणांत पालकत्वासाठीं बापाचें नांव उघड करण्याची सक्ति नाहीं असें ठरविलें, आणि एकट्या मातेनें प्रतिज्ञापत्र दिल्यास मुलाचा जन्मदाखला तिला द्यावा असाही आदेश दिला. त्या मातेचें नांव निकालांत गुप्तच राखलेलें आहे. पुढल्या वर्षीं, डिसेंबर २०१६ मध्यें, परराष्ट्र मंत्रालयानें पासपोर्टाचे नियम सैल केले. अर्जांत आईबापांपैकीं एकाचेंच नांव दिलें तरी चालेल, आणि विवाहाचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा जोडण्याची गरज नाहीं, असें जाहीर झालें. मुलाच्या पासपोर्टासाठीं सामान्यतः दोघांची संमति लागते. परंतु दुसऱ्याची ती मिळत नसेल, तर एकट्यानें कारण देऊन तसें प्रतिज्ञापूर्वक लिहून देण्याची सोय आहे. न्यायालयानें मनाई केली नसल्याचें मात्र त्यांत नमूद करावें लागतें. अमेरिकेच्या मानानें हा मार्ग मऊ आहे. त्यांत सोडून दिलेल्या आईची सुटका आहे, तशी लबाडीलाही थोडी फट आहे. म्हणून ताब्याचा वाद तीव्र झाला म्हणजे न्यायाधीश मुलाचा पासपोर्टच न्यायालयांत जमा करण्यास सांगतात. पळविलेलीं मुलें परत करण्याविषयीं १९८० चा जो हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यांत भारत सामील झालेला नाहीं. त्यामुळें कुलपांत ठेविलेल्या त्या छोट्या पुस्तिकेवर बराच भार पडतो.

पासपोर्टाची गरज सर्वांनाच पडत नाहीं. शाळेच्या दाखल्याची पडते. नवऱ्याचें घर सोडून मुलासह माहेरीं आलेल्या स्त्रीपुढें जूनच्या आरंभीं हाच प्रश्न उभा राहतो. जुन्या शाळेचा दाखला सासरीं, जन्माचा कागद सासरीं, आणि नव्या शाळेंत प्रवेश हवा. जन्मनोंदीचा प्रमाणित उतारा ज्या गांवीं नोंद झाली तेथील निबंधकाकडून फी भरून पुन्हां मिळतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. दाखल्याविषयीं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें एक मोलाची गोष्ट केली आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं. आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला हें सरकारी वा अनुदानित शाळेनें प्रवेश लांबविण्याचें कारण होऊं शकत नाहीं. दाखला दडवून ठेवून बायकोला नमविण्याचा जो एक जुना डाव होता, त्यांतली निम्मी हवा या दोन कलमांनीं काढून घेतली.

आधार क्रमांकानें या गोष्टीला नवेंच वळण दिलें. पांच वर्षांखालील मुलाची नोंद आईच्या किंवा बापाच्या आधाराशीं जोडून होते. बोटांचे ठसे पांचव्या वर्षीं, आणि पुन्हां पंधराव्या वर्षीं घेतले जातात. येथें कागद हरवण्याचें भय नाहीं, प्रत कितीही वेळां काढतां येते. मात्र ती काढतांना गुप्त अंक ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल कोणाचा, हें महत्त्वाचें ठरतें. जुन्या काळीं जें कपाटाच्या किल्लीचें होतें तेंच आतां मोबाईल क्रमांकाचें झालें आहे.

आणि या सर्व कागदांवर नांव कोणतें? महाराष्ट्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें ठरविलें कीं, १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव सरकारी कागदांवर पुढील क्रमानें लिहावें: आधीं मुलाचें, मग आईचें, मग बापाचें, आणि शेवटीं आडनांव. त्या पहिल्या दिवशीं जन्मलेलीं मुलें २०३० च्या जूनमध्यें पहिलीच्या वर्गांत बसतील. हजेरीपटावर त्यांच्या नांवाला लागून आईचें नांव असेल. त्यांच्यापैकीं ज्यांचे आईबाप तोंवर वेगळे झाले असतील, त्यांच्याही नांवांत हीं दोन्ही नांवें शेजारीं शेजारींच राहतील.